सुपर बोलच्या रविवारी २५ माणसं आणि इटालियन-अमेरिकन बेत: काय, किती, कधी?

रानजाई

मंडळी, फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) रविवारी आमच्याकडे साधारण २५ जण यायचे आहेत. मध्य न्यू जर्सी, एकच ओव्हन. निम्मे आपले मराठी, बाकीचे नवऱ्याच्या ऑफिसातले आणि शेजारचे. त्यात सात शाकाहारी, एक जैन कुटुंब आणि बरीच चिल्लीपिल्ली.

दरवर्षी कुणाच्याही घरी गेलं की पावभाजी, नाहीतर बाहेरून मागवलेला पिझ्झा आणि विंग्ज (चिकनचे पंख). यंदा मला पोटभरीचं इटालियन-अमेरिकन जेवण करायचं आहे. बेक्ड झिटी (नळीसारखा पास्ता सॉस-चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला), मीटबॉल (खिम्याचे गोळे), सॉसेज-पेपर्स (सॉसेज आणि ढोबळी मिरची), एगप्लांट पार्मेझान (वांग्याचे काप, सॉस आणि चीज यांचे थर), गार्लिक ब्रेड. आपण राहतो त्या भागातलं हे घरगुती अन्न आहे. शाळेच्या टीमची पार्टी असो की कुणाच्या घरचं बारसं, ॲल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेमधून हेच येतं. ते त्यांच्या पद्धतीनेच करायचं आहे. गरम मसाला, तंदुरी मसाला, पनीर टिक्का पास्ता यातलं काही नको.

अडचण वेळेची आहे. सगळं गरम वाढायचं, आणि मला स्वतःला मॅच बघायची आहे. मी खरंच बघते, नुसत्या जाहिराती नाही. तर अनुभवी लोकांनी सांगा, आदल्या दिवशी काय काय उरकता येईल आणि किती करू?

झणझणीत

विंग्जशिवाय सुपर बोल? निषेध नोंदवून ठेवतो.

एडिसनकर

रानजाई, बेत उत्तम आहे आणि तुमच्या अडचणीचं उत्तर या बेतातच आहे. हे सगळे पदार्थ मोठ्या कुटुंबांसाठी, आधी करून ठेवायचे म्हणूनच घडले आहेत. झिटी, एगप्लांट आणि मीटबॉल दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. शनिवारी सगळं रचून फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी फक्त ओव्हन आणि स्लो कुकर.

सॉस एकदाच, एका मोठ्या पातेल्यात करा. तोच झिटीत, तोच एगप्लांटवर, त्यातच मीटबॉल. २५ जणांना ८०० ग्रॅमचे सहा-सात कॅन लागतील. होलसेल क्लबमध्ये सहा पौंडी कॅन मिळतो, तसे दोन घेतलेत तर स्वस्त पडतं. अर्धी वाटी ऑलिव्ह ऑइल, लसणाच्या १०-१२ पाकळ्या पातळ कापून मंद आचेवर. लसूण सोनेरी होऊ लागला की लगेच टोमॅटो पेस्ट घालून ती गडद लाल होईपर्यंत परतायची, मग कॅनमधले टोमॅटो, मीठ, बेझिलची अख्खी डहाळी. पाऊण तास झाकण अर्धवट ठेवून उकळू द्या. लसूण तपकिरी झाला तर सगळा सॉस कडवट होतो, म्हणून त्या दोन मिनिटांत फोन घ्यायचा नाही.

गोदाकाठ

आंबटपणासाठी गुळाचा छोटा खडा टाका. आमटीला टाकतो तसा.

एडिसनकर

गोदाकाठ, गूळ नको हो. गुळाचा वास लपत नाही आणि मग ते टोमॅटोचं सार होतं. आंबट वाटलंच तर गाजराचा एक मोठा तुकडा सॉसबरोबर शिजवून शेवटी काढून टाका. किंवा चांगले टोमॅटो घ्या. सॅन मार्झानो जातीचे गोडसर असतात.

पाचूबेट

पण हे इटालियन जेवणच नाही ना! आम्ही बोलोन्याला राहायचो तेव्हा असले चीजचे डोंगर कुठेच दिसले नाहीत. स्पॅगेटीवर मीटबॉल ठेवून कुणी खात नाही तिथे. चिकन पार्मेझान तर विचारलं तरी लोक चक्रावून बघतात. पाहुण्यांना इटालियन म्हणून वाढायचं तर साधा रागू (खिम्याचा सॉस) आणि ताजा पास्ता करा.

ट्रेंटनचा_पाहुणा

पाचूबेट, रानजाईंनी मथळ्यातच इटालियन-अमेरिकन लिहिलंय. आणि त्या जोडनावाला मोठा इतिहास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेचे: नेपल्सच्या आसपासचे, कालाब्रियाचे, सिसिलीचे. गावी गरिबी इतकी की मांस सणासुदीला. इथे कारखान्यात, बांधकामावर, रेल्वेवर काम मिळालं आणि त्या मजुरीत मांस, चीज, पांढरा मैदा रोज परवडू लागलं. गावाकडे मीटबॉल लहान असायचे, शिळा ब्रेड घालून वाढवलेले, आणि पास्त्यानंतर वेगळे वाढायचे. इथे ते मोठे झाले आणि पास्त्याच्याच ताटात आले. वांग्याची पार्मिजाना होती, तिच्यात वांग्याच्या जागी आधी व्हील (वासराचं मांस), मग चिकन आलं. म्हणजे बोलोन्यात हे न दिसणं अगदी बरोबर आहे. बोलोन्या उत्तरेला, आणि ही माणसं दक्षिणेची. शिवाय हे पदार्थ आजच्या रूपात इथेच, ब्रुकलिन, नेवार्क, फिलाडेल्फियाच्या स्वयंपाकघरांत तयार झाले.

ज्यांना आयुष्यभर मोजून-मापून वाढलं गेलं त्यांनी मुलांना हात न आखडता वाढलं, त्याचं हे जेवण आहे. ट्रे भरून वाहतो तो म्हणूनच. मला त्यात काही कमीपणाचं वाटत नाही.

पाचूबेट

हे पटलं. इतिहासाबद्दल धन्यवाद. तरी झिटीवर चीज जरा कमीच घाला असं म्हणेन.

झणझणीत

ट्रेंटनचा_पाहुणा, या इतिहासात विंग्ज कुठे बसतात?

हिमकण

बसतात की! बफेलो विंग्जचा उगम सांगतात तो बफेलो शहरातल्या अँकर बारचा, १९६४. करणारी तेरेसा बेलिसिमो, घराणं इटालियन-अमेरिकन. तेव्हा झणझणीत यांचा निषेध मागे घ्यावा आणि रानजाईंनी एक ट्रे विंग्ज करावेत. दोघांचंही समाधान.

आणि विजेत्याला मिळते ती ट्रॉफी ज्याच्या नावाची, तो विन्स लोम्बार्डीसुद्धा ब्रुकलिनच्या इटालियन कुटुंबातला. १९६७ आणि १९६८ चे पहिले दोन सुपर बोल त्याच्या ग्रीन बे पॅकर्सनी जिंकले. त्याची कोच म्हणून सुरुवात इथेच, न्यू जर्सीत एंगलवूडच्या सेंट सिसिलिया शाळेत झाली. पाहुण्यांना सांगायला चांगला विषय.

रानजाई

हिमकण, वा! एंगलवूडचं मला माहीत नव्हतं. विंग्ज घेतले बेतात, ओव्हनचं गणित बसलं तर. ट्रेंटनचा_पाहुणा, आभार. पाचूबेट, चीज कमी घालणार नाही. :)

आता शाकाहारी मंडळींबद्दल सांगा ना कुणीतरी.

जास्वंद

मी सांगते, कारण मी शाकाहारी आहे आणि अशा पार्ट्यांत नुसतं सॅलड खाऊन घरी आले आहे.

सगळ्यात आधी चीज. अस्सल पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने) करतात. पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचं. हे काटेकोर शाकाहारी माणसाला चालत नाही आणि बऱ्याच यजमानांना ठाऊकही नसतं. पाकिटामागे 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' असं छापलेलं पार्मेझान अमेरिकन दुकानांत मिळतं, तेच आणा. नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही. मोझरेलाही असंच वाचून घ्या. रिकोटा बहुधा व्हिनेगर किंवा आम्लाने फाडलेला असतो, तरी लेबल बघा.

दुसरं, एगप्लांटला अंड्याची गरज नाही. मैदा, थोडं कॉर्नस्टार्च, मीठ आणि पाणी असं भज्यांपेक्षा किंचित पातळ पीठ करा. जाड बुटक्या इटालियन वांग्यांचे अर्ध्या इंचाचे काप, मीठ लावून अर्धा तास चाळणीत, मग दाबून कोरडे पुसून पिठात आणि ब्रेडच्या चुऱ्यात. तेल लावलेल्या ट्रेवर ४२५ फॅरनहाइटला २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. तळण्याची गरज पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेलकट होत नाहीत. चुरा साधा घ्या. 'इटालियन सीझन्ड' चुऱ्यात चीज, कांदा-लसणाची पूड सगळं असतं.

आणि शाकाहारी पदार्थ सात जणांच्या हिशेबाने करू नका. मांसाहारी लोक सगळ्यात आधी झिटी आणि एगप्लांटच घेतात. सॉसेज शिल्लक आणि शाकाहाऱ्यांची ताटं रिकामी हे फार वेळा पाहिलं आहे. झिटीचे दोन्ही ट्रे शाकाहारीच ठेवा.

कोकणचा_मेवा

+१०० शेवटच्या परिच्छेदाला.

रानजाई

जास्वंद, सोन्यासारखी माहिती. रेनेटचं अर्धंच माहीत होतं, पेकोरिनो यादीतून काढलं. जैन कुटुंबाचं काय करू? कांदा-लसूण नाही, आणि वांगंही खात नाहीत.

जास्वंद

सॉस करायच्या आधी एक कॅन वेगळा काढून ठेवा. ऑलिव्ह ऑइल, चिली फ्लेक्स, टोमॅटो, भरपूर बेझिल. एवढ्यावर चांगला सॉस होतो, लसणाची उणीव भासत नाही. त्यात झिटीचा छोटा ८ बाय ८ चा ट्रे, रिकोटा आणि मोझरेला घालून. नाव लिहून चिठ्ठी लावा आणि चमचा वेगळा ठेवा. बाटलीतला तयार सॉस मात्र त्यांच्यासाठी वापरू नका, जवळजवळ सगळ्यांत लसूण किंवा कांदा असतो.

गोदाकाठ

चिमूटभर हिंग?

जास्वंद

हिंगाने छान लागेल, पण मग ती इटालियन चव राहत नाही. रानजाईंना जसं हवंय त्यात बसणार नाही. बेझिल दुप्पट करा.

मांडवीकाठ

मी मूळचा गोव्याचा, सध्या कनेटिकट. सॉसेज-पेपर्स वाचून राहवलं नाही. आमच्याकडे चोरीस-पाव असतो, कांद्यावर परतलेलं चोरीस पावात भरून. इथे पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या सान जेनारोच्या जत्रेत सॉसेज-पेपर्स खाल्लं आणि डोळे मिटून गाव आठवलं. सप्टेंबरात मलबेरी स्ट्रीटवर भरते ती जत्रा, नेपल्सकडच्या लोकांनी १९२६ मध्ये सुरू केलेली. लोखंडी तव्यावर मिरच्या आणि कांदे चर्र वाजत असतात, कडा काळ्या झालेल्या, आणि सगळ्या गल्लीत बडीशेपेचा वास.

चव मात्र वेगळी. चोरिसात व्हिनेगर आणि लाल मिरची, यांच्यात बडीशेप. 'स्वीट' आणि 'हॉट' दोन्ही पाकिटं आणा. स्वीट म्हणजे गोड नव्हे, फक्त तिखट नसलेलं. पोर्क नको असेल तर चिकनचं इटालियन सॉसेज सगळीकडे मिळतं. तीन रंगांच्या ढोबळी मिरच्या आणि कांदे बोटाएवढ्या जाड फोडी करून सॉसेजबरोबर एका ट्रेवर पसरा, ४०० ला ३५-४० मिनिटं. गर्दी करू नका, नाहीतर भाजी वाफेवर शिजते आणि मिरचीची कड काळी होत नाही. ती कड हवीच. पोर्कचं सॉसेज आतून १६० फॅरनहाइट, चिकनचं १६५. अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर टोचा.

चिमणचारा

मांडवीकाठ, भूक लागली वाचूनच. शाकाहाऱ्यांसाठी यातच एक करता येईल. मिरच्या, कांदे आणि जाड चिरलेले मशरूम, त्यावर भरड कुटलेली बडीशेप, चिली फ्लेक्स, लसूण, मीठ. वेगळ्या ट्रेवर. सॉसेजचा म्हणून जो वास आपल्याला वाटतो तो निम्मा बडीशेपेचा असतो. पावात भरलं की लोक विचारतात, यात मांस नाही ना नक्की?

खडीसाखर

पुण्याहून विचारते. मॅच आमच्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होते. लेक आणि त्याचे मित्र उठून बघतात. पहाटे पाचला बेक्ड झिटी वाढली तर चालेल का? आणि इथे रिकोटा महाग पडतो, पनीर किसून घातलं तर?

एडिसनकर

खडीसाखर, पहाटे पाचला उठून मॅच बघणाऱ्या मुलांना काहीही चालतं!

पनीर दाबलेलं असतं, म्हणून ओव्हनमध्ये कोरडं आणि रबरी होतं. त्याऐवजी दोन लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध तापवा, लिंबू पिळून फाडा आणि कापडात फक्त १०-१५ मिनिटं निथळू द्या. दाबायचं नाही. ओलसर, चमच्याने पसरेल असं हवं. त्यात मीठ, मिरपूड, मूठभर मोझरेला आणि दोन चमचे साय. अस्सल रिकोटा निवळीपासून करतात, पण झिटीत हे उत्तम लागतं. झिटी पास्ता मिळाला नाही तर पेन्ने घ्या.

तळटीप

मीटबॉलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. आमच्या शेजारच्या आजी (वडील कालाब्रियाहून आलेले) शिकवतात तशी पद्धत.

एक पौंड खिमा. त्या बीफ-पोर्क अर्धं-अर्धं घेतात, मी टर्कीचा डार्क मीटचा घेते. पांढऱ्या मांसाचा घेऊ नका, कोरडा होतो. शिळ्या पावाच्या कडा काढून आतला मऊ भाग एक कप, पाऊण वाटी दुधात भिजवून काट्याने मोडायचा. लापशी व्हायला हवी, गुठळी राहता कामा नये. सगळं गुपित इथेच आहे. कोरडा चुरा घातला की मीटबॉल चेंडूसारखा टणक होतो. मग एक अंडं, अर्धा कप किसलेलं चीज, पार्सली, लसूण किसून, चमचाभर मीठ. खिमा सगळ्यात शेवटी आणि बोटांच्या टोकांनी हलकेच मिसळायचा, कणकेसारखा मळायचा नाही. मिश्रण हाताला चिकटेल इतकं सैल वाटतं आणि घाबरून लोक आणखी चुरा घालतात. घालू नका. हात पाण्यात बुडवून वळा, लिंबापेक्षा जरा मोठे.

४२५ ला १५-१८ मिनिटं भाजून मग सॉसमध्ये अर्धा तास मंद आचेवर. भाजल्यावर ट्रेमध्ये जो रस उरतो तो खरवडून सॉसमध्ये. आजी त्यासाठी पावाचा तुकडा हातात घेऊनच उभ्या असतात.

आणि हो, सॉस दोन पातेल्यांत वाटून घ्या. मीटबॉलचा वेगळा, शाकाहारी वेगळा. हे रानजाईंच्या लक्षात असेलच.

रानजाई

तळटीप, पावाची लापशी ही युक्ती आजच करून बघते, अर्ध्या मापाने. पण मंडळी, मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. कधी वाढायचं? किकऑफ साडेसहाला. आधी जेवण उरकू की हाफटाइमला वाढू?

झणझणीत

हाफटाइमला. सगळे तेव्हाच उठतात.

हिमकण

अजिबात नाही. सुपर बोलच्या हाफटाइमला गाण्याचा कार्यक्रम असतो, तेव्हा कुणी हलत नाही. मॅचवाले मॅचला हलत नाहीत, बाकीचे जाहिरातींना हलत नाहीत. शिवाय तोपर्यंत आठ वाजतात, मुलं रडकुंडीला येतात. २५ माणसं एका वेळी टेबलाशी आली तर रांगेतच वेळ जातो.

माझं मत: पाचपासून तोंडात टाकायला काहीतरी, सहाला सगळे ट्रे टेबलावर, आणि तिथून ज्याला जसं हवं तसं. झिटी आणि एगप्लांट लोक किकऑफच्या आधी बसून खातात. मीटबॉल आणि सॉसेज स्लो कुकरमध्ये 'वॉर्म'वर, बाजूला लांबट पाव चिरून ठेवायचे. मग मॅच चालू असताना हातात धरून खाता येतं, ताटलीची गरज नाही.

एडिसनकर

हिमकणशी शंभर टक्के सहमत. एका ओव्हनचं गणित असं बसवा.

शनिवारी सॉस, मीटबॉल, एगप्लांट भाजून रचणं, झिटी रचणं. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी काढायचा, कारण तो ओव्हनमध्ये सॉस पीत राहतो. सॉसही वाटतो त्यापेक्षा जास्त घाला, ट्रे थोडा पाणीदार दिसला पाहिजे. ९ बाय १३ च्या एका ट्रेला एक पौंड पास्ता, ४२५ ग्रॅम रिकोटा, पौंडभर मोझरेला. बाकीचं खाणं आहे म्हणून २५ जणांना दोन ट्रे पुरतात.

रविवारी दुपारी साडेतीनला सॉसेज आणि मिरच्या, मशरूमचा ट्रे खालच्या कप्प्यात. सव्वाचारला ते बाहेर, सॉसेज स्लो कुकरमध्ये थोड्या सॉसवर. मीटबॉल दुसऱ्या स्लो कुकरमध्ये, पण फ्रिजमधून थेट 'वॉर्म'वर नाही, आधी गॅसवर उकळी आणून मग. साडेचारला ओव्हन ३७५ वर आणून झिटीचे दोन्ही ट्रे आणि जैन ट्रे, फॉइल झाकून. फ्रिजमधून थेट जात असल्यामुळे ४० मिनिटं झाकून, १० उघडे. वरचा-खालचा ट्रे मध्ये बदला. काचेचं भांडं गार असताना गरम ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. फॉइलचे ट्रे घेतले तर खाली बेकिंग शीट ठेवा, नाहीतर उचलताना मधून वाकतात. सव्वापाचनंतर झिटी बाहेर, एगप्लांट आत. त्याला चाळीसेक मिनिटं, म्हणजे सहाला तयार. शेवटी पाव फॉइलमध्ये गुंडाळून गार्लिक ब्रेड दहा मिनिटं.

बाहेर काढलेली झिटी गरम ठेवायला पिकनिकचा कूलर वापरा. बर्फ नाही, तळाला टॉवेल, वर फॉइलने घट्ट झाकलेले ट्रे, वर पुन्हा टॉवेल. तासभर आरामात गरम राहते.

जास्वंद

विंग्ज कुठे बसले यात?

एडिसनकर

बसत नाहीत. :) ज्याला विंग्ज हवेत त्याने आणावेत.

झणझणीत

आणतो. पत्ता कळवा.

कृष्णाकाठ

एक काळजी. टेबलावर ठेवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नका. स्लो कुकरमधलं १४० फॅरनहाइटच्या वर असलं तर चालतं, पण मॅच साडेतीन-चार तास चालते आणि झिटीचा ट्रे रात्री दहापर्यंत तसाच टेबलावर पडून राहतो हे नेहमीचं आहे. दुसरा ट्रे कूलरमध्येच ठेवून पहिला संपल्यावर काढा. मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर हे पाळाच.

रानजाई

पक्कं झालं तर. झिटी दोन ट्रे, जैनांचा छोटा वेगळा, एगप्लांट एक मोठा ट्रे, मीटबॉल टर्कीचे, सॉसेज स्वीट आणि हॉट, मशरूम-मिरची, पाव, गार्लिक ब्रेड आणि हिरवं सॅलड. गोड म्हणून इटालियन बेकरीतून रेनबो कुकीज आणि कनोली आणते, ते घरी करत बसणार नाही. दुसरा स्लो कुकर शेजारणीकडून घेतला. झणझणीत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, विंग्ज ४० तरी आणा.

एवढं करून उरलंच तर झिटी फ्रीझ होते का?

तळटीप

होते. चौकोनी तुकडे कापून, एकेक फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात. दोन-तीन महिने राहते. खाताना वरून दोन चमचे सॉस किंवा पाणी घालून झाकून ३५० ला अर्धा तास, फॉइल तशीच ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये रिकोटा दाणेदार होतो, शक्यतो टाळा. एगप्लांट मात्र फ्रीझ करू नका, पाणी सुटून लिबलिबीत होतं. ते दुसऱ्या दिवशी पावात घालून ऑफिसच्या डब्यात द्या.